‘माझा!’ कोणी म्हणायचं

१ एप्रिल

मला डावीकडे हाकललं.

चौदा वर्षं गुन्सान क्रेन्स या आमच्या बेसबॉल टीमचं सेंटर फील्ड, म्हणजे मैदानाचा मागचा मधला भाग, माझं होतं. आज दुपारी बांगसाहेबांनी, म्हणजे आमच्या मुख्य प्रशिक्षकांनी, भिंतीवर नावं लावली, तर माझ्या जागी कोण? नाम दोयूल. एकवीस वर्षांचं पोर, मिशीसुद्धा धड फुटलेली नाही. आणि मी, प्यो ग्वांगसिक, लेफ्टला.

"तिकडे पळापळ कमी असते, ग्वांगसिक," साहेब म्हणाले.

"मला कमी नकोय."

"मला हवीय," असं म्हणून ते कागदी कपातली कॉफी फुंकायला लागले. संपला विषय.

पळण्याचं एवढं वाटत नाही. वाटतं ते आवाजाचं. दोघांच्या मधोमध उंच चेंडू आला की पहिला हक्क सेंटरवाल्याचा. तो ‘माझा!’ म्हणून ओरडला की लेफ्टवाल्याने, राइटवाल्याने मुकाट वाट सोडायची. जगभर हाच नियम. आता सदतीस वर्षांच्या मी त्या शेंबड्याच्या ओरडण्यावर बाजूला व्हायचं? हॅट!

मॅच जिंकलो. नंतर सगळे सूपभात खायला गेलो. दोयूलने दोन्ही हातांनी माझ्या पेल्यात सोजू दारू ओतली, स्वतःची पिताना मोठ्यांसमोर फिरवतात तसं तोंड बाजूला फिरवलं. संस्कार आहेत, नाही असं नाही. तिथेच सगळ्यांदेखत त्याला सांगून टाकलं, "हे बघ पोरा, तुझी जागा कुठलीही असो. हवेतल्या चेंडूवर ओरडायचं ते मी. मी ‘माझा’ म्हटलं की तू जागच्या जागी थांब. आणि तू तोंड उघडायचं नाहीस. कळलं?"

"हो, दादा," म्हणाला आणि नाक टेबलाला टेकेपर्यंत वाकला. बाकीचे हसले. आमचा फील्डिंगचा प्रशिक्षकही हसला. कोणी हरकत घेतली नाही. घेणार कशी? खेळाडूंत माझ्यापेक्षा वयाने मोठं कोणी नव्हतं.

१९ एप्रिल

लेफ्ट फील्ड म्हणजे पोरखेळ आहे. इतक्या दिवसांत माझ्या हातून एक चेंडू सुटलेला नाही. निम्मे तर माझ्यापर्यंत येतच नाहीत, दोयूलच उचलतो.

तेच खटकतं. पाहावं तेव्हा हा माझ्या कुशीत. आज शेवटी झापलाच. "सेंटरला उभा राहतोस की माझ्या मांडीवर? तुझं मैदान तिकडे आहे, तिकडे मर."

"चुकलं, दादा."

२३ एप्रिल

चार दिवस पोरगा आपल्या जागेवर गुमान उभा आहे. बरं वाटतं, मोकळं मोकळं.

काल आणि आज मिळून माझ्या बाजूला बरेच चेंडू पडले. गवत. या वर्षी गवत नको तितकं वाढवलंय, पाय अडकतो. माळ्याला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, गवत दर वर्षीएवढंच आहे. आता माळीसुद्धा मला शिकवणार!

२ मे

माळ्याने ऐकलेलं दिसतंय. पुन्हा सगळं सुरळीत. दोयूल परत सरकत सरकत माझ्याजवळ यायला लागलाय, पण असू दे. एकटं वाटत असेल बिचाऱ्याला.

१२ मे

सुट्टीचा दिवस. क्लबचे सर्वेसर्वा कूसाहेब यांनी नदीकाठच्या खानावळीत ईल मासा खायला बोलावलं. ईल खायला घालतात म्हणजे काहीतरी गिळायला लावणार, हे मला कळायला हवं होतं.

"सप्टेंबरातला शेवटचा घरचा रविवार मोकळा ठेवलाय," ते म्हणाले. "तुझा निरोप समारंभ. फुलं, चांदीची बॅट, मैदानावर तुझा भलामोठा फोटो. बायको-मुलगी पहिल्या रांगेत. आणि पुढच्या वर्षी लहान मुलांच्या टीमचा प्रशिक्षक हो. सन्मानाने जा, ग्वांगसिक."

"माझा फोटो? भोवती फुलं?" मी म्हटलं. "साहेब, मी अजून श्वास घेतोय."

ते हसले नाहीत. मीही विनोद केला नव्हता.

"आणि नाही म्हटलं तर?"

"मग बाकीच्यांसारखाच तू. ऑक्टोबरात बघू, लेफ्टला शेवटपर्यंत टिकलास का. टिकलास तर करार. नाही टिकलास तर ना फुलं, ना करार."

मी शेवटचा तुकडा त्यांच्या ताटलीत ठेवला आणि म्हटलं, "ठरलं. टिकतो."

परतल्यावर बायकोला, बोरामला सांगितलं. तिच्या सलूनमध्ये गिऱ्हाईक होतं, तिने कात्री चालू ठेवूनच ऐकलं. म्हणाली, "चांदीची बॅट तरी आधी घ्यायचीत." ही बाई माझ्या बाजूने आहे की नाही, लग्नाला बारा वर्षं झाली तरी मला कळलेलं नाही.

२२ जून

आज मला अडतीस वर्षं पूर्ण झाली. वाढदिवसाला समुद्री शेवाळाचं सूप प्यावं लागतं, पण मॅचच्या दिवशी ते घरात शिजत नाही. बुळबुळीत पिऊन गेलं की हातातलं निसटतं. बोराम म्हणाली, सूप उद्या.

आज डबल मारला, म्हणजे एका फटक्यात दुसरा तळ गाठला. चेंडू भिंतीवर असा आदळला की आवाज बंदरापर्यंत गेला असेल. बॅट म्हातारी होत नाही हे कोणी लक्षातच घेत नाही. लेफ्टला एक चेंडू पार डोक्यावरून चालला होता, तो दोयूलने कुठून कसा येऊन झेलला देव जाणे. मी म्हटलं, "ठीक होता." जास्त कौतुक केलं की पोरं शेफारतात.

१० जुलै

सोई जेवताना म्हणाली, "बाबा, नेटवर तुला दगड म्हणतात."

"कशाबद्दल?"

"हलत नाहीस म्हणून."

दहा वर्षांची कार्टी, तोंडाला काही लगाम नाही. बोरामने तिला डोळे वटारले, पण स्वतः ओठ दाबून हसत होती ते मी पाहिलं. रागाने उठलो आणि अर्धा भात तसाच टाकला. नंतर भूक लागली म्हणून खाल्ला.

दगड! या दगडाच्या नावाने दर मॅचला हजारो माणसं गाणं म्हणतात, म्हणावं. गाणं असलेला दगड दाखवा दुसरा.

३ ऑगस्ट

हरलो. आणि हरलो ते असं.

शेवटची इनिंग. एका धावेने पुढे आम्ही. त्यांचे दोन गडी बाद, दोन धावपटू तळांवर. तिसरा बाद झाला की इनिंग संपते, म्हणजे एक झेल घेतला की मॅच आमची. आणि चेंडू उडाला तो नेमका माझ्या आणि दोयूलच्या मधोमध. मी धावत सुटलो आणि ओरडलो, "माझा! माझा!"

दोयूल चेंडूच्या खाली होता. अगदी खाली. त्याने वर केलेला हात खाली घेतला आणि थांबला. चेंडू त्याच्या बुटापाशी पडला, उसळला, आणि तो उचलून फेकेपर्यंत दोघंही घरच्या तळावर पोहोचले होते, म्हणजे दोन धावा.

सगळं स्टेडियम त्याच्यावर भुंकलं. मीही. "गाढवा, नाकाखाली पडला ना चेंडू! डोळे आहेत का भोकं?" असं सगळ्यांसमोर ओरडलो.

"हो, दादा. चूक माझी आहे."

पत्रकारांना त्याने सांगितलं की दिवे डोळ्यांवर आले. बांगसाहेबांनी तिथल्या तिथे त्याला क्लबच्या राखीव, दुसऱ्या टीमकडे पाठवलं.

४ ऑगस्ट

सकाळी पोरगा आपले बूट पिशवीत भरत होता. मला बघून उठला, वाकला. मी म्हटलं, "तिकडे डोळे तपासून घे." तो म्हणाला, "हो, दादा."

  संध्याकाळी बोरामने विचारलंच, "अहो, तुम्ही पोहोचणार होतात का तिथपर्यंत?"

"मी ओरडलो म्हणजे पोहोचणारच होतो."

"मी ओरडण्याचं विचारलं नाही."

मग मी टीव्हीचा आवाज वाढवला. मी ओरडलो हे खरं. मी ओरडल्यावर त्याने थांबायचं, हेही ठरलेलं. पण नाकाखालचा चेंडू माणूस झेलतो की नाही? कोणीही झेलेल! एवढं साधं कळत नसेल तर दुसऱ्या टीममध्येच बरा.

८ ऑगस्ट

सेंटरला आता चॉन आहे. एकतीस वर्षांचा, चार क्लब फिरून आलेला, निर्ढावलेला. या चार मॅचमध्ये माझ्या बाजूला इतके चेंडू पडले की लाज वाटावी. मैदानातून परतताना मी त्याला म्हटलं, "जरा इकडे सरकायला काय होतं तुला?"

तो हातमोजा काढत म्हणाला, "दादा, राग मानू नका. मला एका माणसाचा पगार मिळतो. दोघांचं पळायला मी दोयूल नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय म्हणजे काय?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? चेंडू टाकायच्या आधी तुमचं लक्ष पुढे गेलं की ते पोरगं दर वेळी तुमच्याकडे सरकायचं. मांजरासारखं. सगळी टीम बघायची."

सगळी टीम! माळ्यालाही माहीत असेल. सोईलाही.

अंगाची आग झाली. मला कोणी मारलं असतं तरी चाललं असतं, पण कीव? माझी? त्या मेल्याने एप्रिलपासून माझी कीव केली आणि मी त्याला एकटं वाटतंय असं समजत होतो!

११ ऑगस्ट

सुट्टी होती. गाडी काढली आणि दुसऱ्या टीमच्या मैदानावर गेलो, फक्त त्याची खरडपट्टी काढायला. भर दुपार, भाताच्या शेतांच्या मध्ये ते मैदान, ऊन असं की टोपीतून धूर निघावा. सराव चालू होता. कुंपणापाशी उभा राहिलो तर कोणीतरी मैदानातून बोंबलत होतं, "माझा! हट, हट, हट! माझा!" मासळीबाजारातल्या बायका लाजतील असा आवाज.

दोयूल होता तो. चार महिन्यांत मी त्याचा आवाज ‘हो, दादा’च्या पलीकडे ऐकलेला नव्हता.

मला बघितल्यावर टोपी काढून धावत आला. मी सुरुवात केली, "कोणी सांगितलं होतं तुला माझ्यावर दया करायला?"

"दया नाही, दादा."

"मग काय?"

तो टोपी पुन्हा डोक्यावर घालत म्हणाला, "तुमची बॅट टीमला हवीय. तुम्ही लेफ्टला उभे राहिलात तरच बॅट मिळते. आणि मला पळायला आवडतं. म्हणून पळालो."

एवढंच. मी घरून गाडीत बसल्यापासून शिव्या जमवत आलो होतो, त्या सगळ्या तोंडातच राहिल्या.

"मग त्या दिवशी का थांबलास? चेंडू तुझा होता!"

"तुम्ही ‘माझा’ म्हणालात."

"मी म्हटलं म्हणून? मी उद्या विहिरीत उडी मार म्हटलं तर मारशील?"

तो खरंच विचार करायला लागला. मी म्हटलं, "उत्तर देऊ नकोस."

परत येताना गाडीत एसी लावायचंसुद्धा सुचलं नाही. चेंडू त्याचा होता. मी पोहोचणार नव्हतो. ओरडलो तेव्हाच मला आत कुठेतरी माहीत होतं, पाय सांगत होते. तरी ओरडलो. चौदा वर्षांची सवय, तोंड पायांचं ऐकत नाही.

आता साहेबांना हे सांगितलं तर पोरगा परत येईल आणि मी बाकावर. आणि बाकावर बसलो की कूसाहेबांची अट मोडली, म्हणजे करार गेला. नाही सांगितलं तर माझा करार कदाचित राहील आणि पोरगा त्या शेतात सडेल.

बोरामला विचारलं, काय करू? म्हणाली, "मला कशाला विचारता? उद्याचे कपडे काढून ठेवलेच आहेत की तुम्ही."

१२ ऑगस्ट

सांगितलं.

सराव सुरू व्हायच्या आधी बांगसाहेबांच्या खोलीत गेलो. बस म्हणाले, बसलो नाही.

"तीन तारखेचा चेंडू दोयूलचा होता. मी ओरडलो म्हणून तो थांबला. मीच त्याला तसं बजावलं होतं, एप्रिलमध्ये, सूपभाताच्या दुकानात, सगळ्यांदेखत. आणि मी काही तिथे पोहोचणार नव्हतो. त्याला परत आणा."

साहेबांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "तू काय बोलतोयस कळतंय का? हे मला वर सांगावं लागेल. लेफ्टला मग मी तुला कसा उभा करू?"

"तो तुमचा प्रश्न. आणि साहेब, एक सांगून ठेवतो. मी रडत आलेलो नाही. मी खेळ सोडत नाहीये. मला फुलं नकोत, फोटो नको. लेफ्टमधून काढलंत तर बॅट हातात घेऊन बाकावर बसेन, पण बसेन."

"माफी मागतोयस की धमकी देतोयस?"

"जे समजायचं ते समजा."

बाहेर पत्रकार उभे होते. त्यांनाही तेच सांगितलं, शब्द न शब्द. उद्या पेपरात येईल. येऊ दे! पाठीवरचं ओझं गेलं असं लोक म्हणतात. मला तसं काही झालं नाही. लेफ्ट फील्ड गेलं, याचंच वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.

२ सप्टेंबर

दोयूल सेंटरला परतलाय. मी बाकावर. मध्येच बॅट फिरवायला उठवतात, तेवढंच.

पण एक काम मी माझ्या हाताने घेतलंय. मॅचच्या दिवशी दुपारी, बाकीचे जेवत असताना, मी लेफ्टला उभा राहतो, दोयूल सेंटरला, आणि चॉन आमच्या मधोमध उंच चेंडू उडवतो. नियम एकच: दोयूलने माझ्यावर ओरडायचं आणि मी वाट सोडायची.

पहिल्या दिवशी पोराच्या तोंडातून शब्दच फुटेना. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "दादा, हा... मी घेऊ का?" तोपर्यंत चेंडू जमिनीवर. तिसऱ्या दिवशी ओरडला, पण ओरडल्याबरोबर सवयीने माझ्यापुढे वाकला आणि चेंडू टाळक्यात बसला. चॉन हसून हसून गवतावर लोळला.

मी म्हटलं, "मनात मला ज्या शिव्या देतोस, त्या दे."

"मनातही दादाच म्हणतो."

"खोटारडा!"

फील्डिंगचा प्रशिक्षक येऊन म्हणाला, ग्वांगसिक, हे बरं दिसत नाही, उद्या सगळीच पोरं मोठ्यांवर ओरडायला लागतील. मी म्हटलं, "मैदानावर ओरडू देत की. जेवणाच्या टेबलावर तोंड फिरवून पितील."

खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा मलाच जास्त जड जातं. आवाज ऐकला की माझे पाय थांबतात, पण तोंड उघडतंच. आज एकदाही उघडलं नाही.

२८ सप्टेंबर

शेवटचा घरचा रविवार. जिंकलो तर पाचवं स्थान, म्हणजे पुढची फेरी. हरलो तर सुट्टी. कूसाहेबांच्या खोलीत फुलांचा गुच्छ तयार ठेवलेला होता, मी नाही म्हटलं तरी. आयत्या वेळी माणूस विरघळतो, असं त्यांना वाटत असावं.

आठव्या इनिंगमध्ये आमच्या लेफ्टवाल्याची मांडी भरून आली. बांगसाहेबांनी बाकावर इकडून तिकडे पाहिलं. दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"ग्वांगसिक."

"आहे."

"मुकाट्याने उभा राहशील?"

"बघू," म्हटलं आणि धावत गेलो. माझं गाणं सुरू झालं. 

शेवटची इनिंग. आम्ही एका धावेने पुढे. त्यांचा एक गडी बाद, एक धावपटू तिसऱ्या तळावर. आणि चेंडू उडाला. कुठे? मधोमध. दुसरीकडे कुठे जाणार मेला!

मी पळालो. तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, ‘मा’ ओठांवर आला होता. आणि समोरून आवाज आला, असा, की पार वरच्या रांगेतल्या माणसाच्या हातातली कोंबडीची तंगडी गळावी.

"हट रे म्हाताऱ्या! माझा!"

मी हटलो. हटायला जागा नव्हती म्हणून सरळ जमिनीवर आडवा पडलो. पोरगा माझ्यावरून उडी मारून गेला आणि चेंडू हातमोज्यात बसला. दोन बाद.

आणि मग त्या गाढवाने काय केलं? आपण कोणाला काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. चेंडू हातात तसाच धरून माझ्याकडे वळला आणि कमरेत वाकला! तिकडे तिसऱ्या तळावरचा धावपटू घरच्या तळाकडे सुटलेला, आणि हा माझ्यापुढे वाकलेला!

मी पडल्या पडल्या किंचाळलो, "वाकतोस काय मेल्या! फेक!"

तो वाकलेल्या अवस्थेतूनच उसळला. काय फेकलं पोराने! चेंडू मैदान चिरत सरळ घरच्या तळावर उभ्या कॅचरच्या हातात गेला. धावपटू बाद, तीन झाले. मॅच खलास.

पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही. सगळे एकमेकांच्या अंगावर होते. दोयूल रडत होता आणि ‘माफ करा दादा, माफ करा दादा’ म्हणत होता. मी त्याला घट्ट धरला आणि कानात सांगितलं, "पुन्हा माफी मागितलीस तर तंगडं मोडीन."

कूसाहेब गुच्छ घेऊन आलेच. "ग्वांगसिक, याहून चांगला दिवस मिळणार नाही. इथेच जाहीर कर. लोक उभे आहेत बघ."

"नाही, साहेब."

"अरे, पण काय बाकी राहिलंय आता?"

"आजच तर वाट सोडायला शिकलोय. शिकलेलं वापरून बघायला नको?"

गुच्छ बोरामने घेतला. म्हणाली, "फुलांनी काय घोडं मारलंय?" आता तो सलूनमध्ये आहे.

२१ ऑक्टोबर

पुढच्या फेरीत दुसऱ्याच दिवशी गारद झालो. आज क्लबने सांगितलं, करार नाही. मला माहीतच होतं. कूसाहेबांनी शेवटचा प्रयत्न केला, "पेपरात निवृत्त असं देऊ या. बरं दिसतं."

"‘क्लबने सोडलं’ असं द्या, म्हणजे दुसरीकडे खेळता येईल. मीच तसं मागतोय."

बूट पिशवीत भरले. दोयूल दाराशी उभा होता, वाकला नाही. माफीही मागितली नाही. शहाणा होतोय.

२९ ऑक्टोबर

सकाळी फोन. दक्षिणेकडच्या एका क्लबचा प्रशिक्षक, पूर्वी माझ्याविरुद्ध खेळलेला, तोंडाचा फटकळ.

"प्यो, खरं सांग. पळता येतं का?"

बोराम समोर बसून मुळा चिरत होती. तिची सुरी थांबली.

"पूर्वीसारखं नाही," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो.

"मग मी तुला का घ्यावं?"

"बॅट चालते. आणि तुमचा सेंटरवाला कितीही लहान असू दे, तो ओरडला की मी हटतो. माझ्या वयाचा असा दुसरा माणूस या देशात शोधून दाखवा."

पलीकडे बराच वेळ हसणं ऐकू आलं. मग तो म्हणाला, "सोमवारी ये. चाचणी घेतो. हमी काही नाही."

"हमी मागितलीय कोणी?" म्हटलं आणि फोन ठेवला.

बोराम पुन्हा मुळा चिरायला लागली. म्हणाली, "सोमवारी सलून बंद ठेवीन. मी गाडी चालवीन, तुम्ही पाय लांब करून बसा."